समर कुठल्या फर्ममध्ये केला, हे जज बघतो का?

जुना_क्लर्क
भाची फिलाडेल्फियात लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षीच्या समरच्या, म्हणजे फर्ममधल्या उन्हाळी नोकरीच्या, ऑफर आत्ताच आल्यात (पूर्वी ही धावपळ दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर, ऑगस्टात व्हायची). एक न्यूयॉर्कची बडी फर्म, दुसरी फिलाडेल्फियाचीच, मध्यम, पण कोर्टात रोज उभी राहणारी. पदवीनंतर तिला वर्षभर फेडरल (केंद्रीय कोर्टातल्या) जजकडे क्लर्कशिप करायची आहे, म्हणजे जजसाठी संशोधन आणि लेखन. "मामा, चुकीची फर्म घेतली तर जज अर्ज बाजूला टाकेल का?"

माझं उत्तर: नाही. मी स्वतः एका जिल्हा न्यायाधीशांकडे होतो, अर्जांचे गठ्ठे चाळले आहेत. आधी ग्रेड, मग प्राध्यापकांची पत्रं, मग लेखनाचा नमुना. समरची फर्म ही रेझ्युमेवरची एक ओळ.

तारखाही बघा. हायरिंग प्लॅन (क्लर्क कधी घ्यायचे याचं ऐच्छिक वेळापत्रक) पाळणारे फेडरल जज दुसरं वर्ष संपल्यावर, जूनमध्ये अर्ज घेतात. तेव्हा मुलांना फर्ममधली कॉफी कुठे मिळते एवढंच कळलेलं असतं. फर्मचा पार्टनर (भागीदार वकील) शिफारस करणार कशाच्या जोरावर? फर्ममध्ये लिहिलेला मेमोही (कायदेशीर टिपण) गोपनीय. परवानगी काढा, नावं खोडा, तेव्हा कुठे नमुना म्हणून देता येतो. त्यापेक्षा या पहिल्या उन्हाळ्यात एखाद्या जजच्या चेंबरमध्ये बिनपगारी राबावं. त्या जजचं पत्र दहा फर्मना भारी पडेल.

विल्मिंग्टनकर
मामा, तुमचा काळ गेला. एक तर सगळे जज तो प्लॅन पाळत नाहीत. दुसरं, हल्ली बऱ्याच जजना एक-दोन वर्षं वकिली केलेला क्लर्क हवा असतो. तेव्हा प्राध्यापक तुम्हाला विसरलेले असतात, पत्र पार्टनरच देतो. तो पार्टनर त्याच जजचा जुना क्लर्क असला तर एक फोन पुरतो. आणि समर जिथे करता, नोकरी बहुतेक तिथेच लागते. म्हणजे फर्म निवडताना तुम्ही दोन वर्षांनंतरचा शिफारसदारच निवडत असता.

आमच्या डेलावेअर राज्याचं चॅन्सरी कोर्ट घ्या. सात न्यायाधीश, ज्युरी नाही, अर्ध्या अमेरिकेच्या कंपन्यांची भांडणं इथे. समोर उभ्या राहणाऱ्या फर्म मोजक्याच. इथे विल्मिंग्टन शहरात समर केला असेल तर "हिला विल्मिंग्टनच का?" हा प्रश्नच येत नाही.

जुना_क्लर्क
विल्मिंग्टन म्हणजे गाव. गावकीचा नियम देशाला लावू नका! शिवाय फर्मची ऑफर स्वीकारलेली असेल तर क्लर्कला तिच्या केसेसपासून दूर ठेवतात. मोजक्याच फर्म असतील तर तुमचा क्लर्क निम्मा वेळ बाहेर बसेल.

विल्मिंग्टनकर
बसत नाही. ती केस शेजारचा क्लर्क घेतो. कोर्टं हे कित्येक वर्षं सांभाळतायत.

पेठेतला_आगाऊ
दोघंही २०२५ विसरलात. ट्रम्प यांनी फर्मना शिक्षा करणारे आदेश काढले. पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल, सुसमन गॉडफ्री कोर्टात गेल्या आणि जिल्हा न्यायालयात जिंकल्या. पॉल वाइसने ४ कोटी डॉलरच्या मोफत कामाचं, स्कॅडनने १० कोटींचं कबूल करून मिटवलं. आता फर्मचं नाव म्हणजे नुसतं नाव राहिलंय का? न्यायाधीश जेम्स हो यांनी २०२२ मध्ये येल लॉ स्कूलच्या मुलांना क्लर्क घेणार नाही असं जाहीर केलंच होतं ना?

जुना_क्लर्क
ते कॉलेजबद्दल होतं, फर्मबद्दल नव्हे. पण मुलाखतीत "हीच फर्म का?" असं विचारतील, हे मान्य. उत्तर खरं असावं, घोकलेलं नको.

एच४ची_आई
फर्म-फर्म काय करताय? आधी पासपोर्ट विचारा! मुख्य भूमीवरच्या फेडरल कोर्टात पगारी नोकरीला नागरिकत्वाची अट आहे. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर ती मिळत नाही, ग्रीन कार्डवाल्यांनाही अटी आहेत. हवाई, ग्वाम, प्यूर्टो रिको इथे ही अट नाही. राज्यांच्या कोर्टांचे नियम वेगवेगळे. आमचा मुलगा तिसरीपासून न्यू जर्सीत, पण आमचं ग्रीन कार्ड येण्याआधी एकवीस ओलांडला, म्हणून आमच्या अर्जातून बाहेर पडला. त्याने ग्रेड कमावले, प्राध्यापकांची पत्रं मिळवली, आणि मग हे कळलं. आता होनोलुलूला अर्ज करतोय. कुठल्या फर्मने हे बदललं असतं?

जुना_क्लर्क
ताई, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं. भाची इथेच, न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये जन्मलेली, म्हणजे नागरिकच, म्हणून डोक्यातच आलं नाही.

फोर्टातला_वकील
आपल्याकडे भारतात बरंय. सुप्रीम कोर्टाचा लॉ क्लर्क व्हायचं तर आधी बहुपर्यायी पेपर, मग लेखी, मग मुलाखत. इंटर्नशिप कुठे केली ते पेपर तपासणाऱ्याला दिसतच नाही.

विल्मिंग्टनकर
आणि मुलाखतीत?

फोर्टातला_वकील
तिथे तोंड बंद ठेवतो.

जुना_क्लर्क
रविवारी भाचीशी बोललो. न्यूयॉर्कचीच घेतली. कारण क्लर्कशिप नाहीच, कर्ज. बड्या फर्ममध्ये नवख्याला वर्षाला २,२५,००० डॉलर, समरलाही त्याच दराने, म्हणजे आठवड्याला ४,३०० च्या वर. शिवाय क्लर्कशिप करून परतलं की वर बोनस. यंदाच्या उन्हाळ्यासाठी मात्र नदीपलीकडे कॅम्डेनच्या फेडरल कोर्टात एका जजना पत्र टाकलंय.

हा धागा तिला वाचून दाखवला. म्हणाली, "ते विल्मिंग्टनचे काका बरोबर बोलतायत."