मानेचं ऑपरेशन दुसऱ्यांदा: धोका किती वाढतो?

प्रश्न (कुडाळ)
बाबांची सी ५-६ची गादी (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली) पूर्वी गळ्याच्या पुढच्या बाजूने काढली, प्लेट बसवली. व्रण उजवीकडे आहे. आता सी ६-७ला नस दबलीय: मधलं बोट बधिर, कोपर ताठ करायला जोर नाही. सर्जन पुन्हा पुढूनच करू म्हणतात. पहिल्यापेक्षा धोका जास्त का?

उत्तर १
जास्त, पण मुख्यतः तिथवर पोचायच्या वाटेत. सी ६-७ला अजून हात लागलेला नाही. पहिल्या वेळी स्नायू आणि अन्ननलिका अलगद बाजूला होतात, दुसऱ्यांदा जुन्या व्रणामुळे सगळं चिकटलेलं असतं. त्यामुळे अन्ननलिकेला आणि आवाजाच्या नसेला इजा होण्याची भीती वाढते. गिळताना त्रास पहिल्या ऑपरेशननंतरही बऱ्याच जणांना होतो, दुसऱ्यांदा तो जास्त दिवस रेंगाळू शकतो.

कान-नाक-घसा डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरतंतू आधी तपासून घ्याच. एक तंतू लुळा असूनही आवाज नीट असू शकतो. उजवा लुळा असेल तर पुन्हा उजवीकडूनच जायचं. डावीकडून गेले आणि डावाही गेला, तर श्वास अडून गळ्याला भोक पाडावं लागू शकतं. दोन्ही हलत असतील तर डावी, न चिकटलेली बाजू सोपी.

उत्तर २
जुना सांधा जुळलाय का, म्हणजे सी ५-६ची हाडं एकजीव झालीत का, हे आधी विचारा. एमआरआयमध्ये धातूमुळे ते धूसर दिसतं. पातळ कापांचा सीटी आणि मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे हवा. जुळला नसेल तर गणित बदलतं. तेव्हा बरेच सर्जन मानेच्या मागून स्क्रू-रॉड घालतात. हाड जुळण्याची खात्री वाढते, पण रक्तस्राव, जखम चिघळणं आणि स्नायूंचं दुखणंही वाढतं. न जुळण्यामागे दबलेला जंतुसंसर्ग असू शकतो, म्हणून सीआरपी, ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करा.

जुनी ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटचं (बसवलेल्या प्लेट-स्क्रूचं) स्टिकर शोधा. प्लेट काढायची तर त्याच कंपनीचा स्क्रूड्रायव्हर लागू शकतो. प्लेट तशीच ठेवून खाली स्क्रूसकट केज (गादीच्या जागी बसणारा ठोकळा) बसवणंही कधी जमतं.

तंबाखू बंद, मिशेरीसुद्धा. निकोटिनने हाड जुळायला अडथळा येतो. साखर आटोक्यात हवी.

उत्तर ३
जोर कमी होतोय म्हणजे महिनोन्‌महिने थांबू नका. चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं न लागणं, लघवी अडणं, यातलं काही दिसलं तर मज्जारज्जू दबतोय, लगेच दाखवा.

ऑपरेशननंतरचा पहिला दिवस सर्वांत जोखमीचा. गळा सुजून दम लागला, आडवं पडवेना, तर आत रक्त साठलंय असं धरून नर्सला तत्क्षणी हाक मारा. टाके खाटेवरच उघडावे लागू शकतात. म्हणून कोल्हापूरला केलंत तर गगनबावड्याचा घाट उतरून घरी यायची घाई नको. घरी आल्यावर ताप आणि गिळताना वाढती कळ आली तर अन्ननलिकेला छिद्र असू शकतं. गावात औषध घेत बसू नका, ऑपरेशन केलेल्या सर्जनला त्याच दिवशी फोन करा.