काजूच्या उतारावर लोडर आणि गवतकापणी: एकच छोटा ट्रॅक्टर पुरेल का?

सत्तरीचा बागायतदार:
आमच्या काजूच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. पुढच्या लोडरने शेणखत व माती हलवायची आणि पावसाळा संपल्यावर मागच्या स्लॅशरने गवत कापायचे, ही दोनच कामे आहेत. आपल्याकडे गोव्यात पिकून गळलेले बोंडूच (काजूची फळे) वेचले जातात, म्हणून हंगामापूर्वी झाडांखाली स्वच्छता हवीच. माझ्या मते २४ ते २७ अश्वशक्तीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर दोन्ही कामांना पुरेल.

डिचोलीकर:
अश्वशक्ती पुरेल, माझा आक्षेप लोडरला आहे. बकेट भरली की भार पुढच्या आसावर जातो आणि मागची चाके हलकी होतात, आणि बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात. भरलेली बकेट घेऊन जांभ्याच्या सुट्या खड्यांवरून उतरताना माझा ट्रॅक्टर ब्रेक दाबलेला असूनही घसरत गेला आणि एका झाडाच्या बुंध्याला टेकून थांबला. मातीचे काम वर्षातून चार दिवसांचे असेल, तर तेवढ्यापुरते यंत्र भाड्याने आणावे.

सत्तरीचा बागायतदार:
तो ट्रॅक्टर टू व्हील ड्राइव्ह असावा. चारही चाके जोडलेली असली की मागच्या ब्रेकचा रोध पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. शिवाय स्लॅशर मागे अडकवलेलाच ठेवला, तर वजनाचा तोल राखला जाईल. भाड्याचे यंत्र आपल्याला हवे त्या दिवशी मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

डिचोलीकर:
होय, टू व्हीलच होता, हे मान्य. पण लहान स्लॅशर त्या भाराला अपुरा पडतो आणि वळताना त्याचे शेपूट झाडांना लागते. मागे काँक्रीटचा ठोकळा लावावा, बकेट जमिनीलगत ठेवावी, आणि छोट्या गियरमध्येच उतरावे. चालकामागे संरक्षक कमान नसलेला ट्रॅक्टर तर उतारावर नेऊच नये.

फोंड्याचा कुळागरवाला:
पुढे-मागे करण्यासाठी वेगळा शटल लीव्हर आहे का, हे आधी पाहावे. लोडरच्या कामात दर मिनिटाला दिशा बदलते आणि क्लच झिजतो. स्लॅशरसाठी पीटीओचे, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनाची शक्ती देणाऱ्या दांड्याचे, मिनिटाला ५४० फेरे टिकले पाहिजेत, म्हणून चढावर रेस कमी न करता खालचा गियर घ्यावा. पोफळीच्या कुळागरात (बागेत) मात्र हा ट्रॅक्टर आणू नये, कारण तिथे पाण्याचे पाट फुटतात.

सत्तरीचा बागायतदार:
ठोकळा आणि कमान, दोन्ही घेईन. गवत कापण्यापूर्वी लोडर उतरवून ठेवता येईल असाच जोड निवडेन.

डिचोलीकर:
तसे केलेत तरी तीव्र चढाच्या पट्ट्यात बकेट भरू नये, या मतावर मी ठाम आहे.