उत्तर: उत्तर: रविवारचा फ्लेक्स, आज रात्रीच छपाईला

मंडळी,
फ्लेक्सवाला दहाला शटर ओढतो आणि माझा भाऊ नाशकात त्याच्या दुकानात बसून आहे. "भारतीय चित्रपटाची पहिली नायिका कमलाबाई गोखले" असं जाऊ दे का? हो-नाही लगेच कळवा.
– शिरीष

शिरीष, नाही. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) कमलाबाई मोहिनी आणि त्यांची आई दुर्गाबाई कामत पार्वती. मायलेकी एकाच चित्रपटात. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसुद्धा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. फाळक्यांच्या गावात फ्लेक्सवरून आईच गाळायची? दोघींची नावं हवीत.
– मीना

मीनाताई, दोन नावं म्हणजे अक्षरं बारीक, मागच्या रांगेतून दिसायची नाहीत. गणपतीचा फ्लेक्स आठवा. शिवाय मजकूर सजावट समितीकडे असतो, हे बैठकीत ठरलंय.
– अविनाश

समिती कोणाचीही असो, अविनाश, पण १९१३पाशीच थांबू नका, ही विनंती. कमलाबाईंचा शेवटचा चित्रपट 'गहराई', १९८०चा. मधल्या काळात नाटक कंपनीबरोबरची फिरती, रंगमंचावर पुरुष भूमिकासुद्धा, नवरा लवकर गेल्यावर तीन मुलांचा संसार, आणि तरी तोंडाला रंग लागलेलाच. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. माझी आजी त्या पिढीतल्या नटींबद्दल आवाज खाली करून बोलायची, "नाटकातली बाई" म्हणायची. म्हणून मला ही सगळी वर्षं मोठ्या अक्षरांत हवी आहेत. "कमलाबाई गोखले : रंगभूमी आणि चित्रपट", खाली "दुर्गाबाई कामत यांची कन्या". नायिका-बियिका काही नको.
– सुधाकाकू

काकू, आजीचं अगदी पटलं. आमच्याकडेही तेच. रीना मोहन यांचा कमलाबाईंवरचा माहितीपट लावणार आहोत ना? त्यात त्या म्हातारपणी स्वतः बोलतात. सभागृहाचे स्पीकर आधी तपासायला हवेत, तो आवाज नीट ऐकू यायलाच हवा.
– केदार

केदार, स्पीकर माझा भाऊ उद्या बघून येईल. काकूंचा मजकूर घेतोय. आईचं नाव खालच्या ओळीत, पण त्याच मापात. अविनाश, रंग तुम्ही सांगा, पण साडेनऊच्या आत.
– शिरीष

गडद निळ्यावर पांढरी अक्षरं. आणि मंडळाचं बोधचिन्ह डावीकडेच.
– अविनाश