तेंदूपत्ता: मजुरी, बोनस की रॉयल्टी?

(विडीसाठी लागणारी तेंदूपाने ग्रामसभा ठेकेदाराला विकते. त्या करारात कोणते शब्द लिहावेत यावर कोरची, धानोरा आणि देवरी इथल्या तिघांचे हे बोलणे.)

कोरची: तेंदूच्या हंगामात 'बोनस' आणि 'रॉयल्टी' सर्रास एकाच अर्थाने वापरतात. ग्रामसभेच्या करारनाम्यात नेमका कोणता शब्द लिहावा?

धानोरा: भाऊ, दोन्ही वेगळे. मजुरी म्हणजे पान तोडून, ७० पानांचा पुडा बांधून फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, आणून देण्याचा मोबदला. ती शंभर पुड्यांमागे ठरते. रॉयल्टी म्हणजे स्वामित्वधन, पानाच्या मालकाचा पैसा. 'बोनस' हा वनविभागाच्या लिलावातला शब्द: आलेल्या रकमेतून पूर्वी खर्च वजा जाता उरेल ते तोडणाऱ्यांना 'प्रोत्साहनार्थ मजुरी' म्हणून वाटायचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूसकट गौण वनोपजावर (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालावर) गावाची मालकी मान्य केली. मालकाला बोनस कसला? रॉयल्टीच लिहा.

देवरी: आणि नुसता 'शेकडा भाव' लिहून मोकळे होऊ नका. मग ठेकेदार मजुरी चुकती करतो आणि रॉयल्टी मागितली की 'ती भावातच आली' म्हणतो. दोन आकडे वेगळे लिहा. मजुरी तोडणाऱ्याच्या खात्यात, रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात, तीही माल उचलण्याआधी. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीच्या हाती दिला आहे. पैसे जमा झाल्याशिवाय तो देऊच नये. बोद (पानांची पोती) एकदा गाडीत चढले की वसुली फार जड जाते.

कोरची: मसुद्यात मदत करणाऱ्या संस्थेला 'मध्यस्थ' म्हटले आहे. चालेल?

धानोरा: नाही. मध्यस्थ म्हटले की दलाली आली. 'सहयोगी संस्था' लिहा. करारावर सही ग्रामसभेच्या अध्यक्ष-सचिवांची. संस्थेने फार तर साक्षीदार राहावे. जाहिरातीचा मसुदा करणे, निविदा सगळ्यांसमोर वाचून अटी समजावणे, गावातली पोरे हिशेबाला तयार करणे, हे तिचे काम. गोंदिया जिल्ह्यात विदर्भ नेचर कन्झर्वेशन सोसायटीने ग्रामसभांना तेंदूविक्रीत साथ दिली आहे.

देवरी: एक शब्द राहिला, 'खराब पुडा'. खरी लूट तिथेच होते. फळीवर मोजताना ठेकेदाराचा मुन्शी (हिशेबनीस) काही पुडे खराब म्हणून बाजूला काढतो, मजुरीतून वगळतो, आणि नंतर वाळायला मात्र त्याच रांगेत लावतो. म्हणून व्याख्या करारातच घाला: फाटके, किडलेले किंवा फार कोवळे पान. नाकारलेला पुडा तोडणाऱ्या बाईच्या हातात तिथल्या तिथे परत. तोडणाऱ्याच्या कार्डावरची आणि फळीच्या रजिस्टरमधली नोंद त्याच दिवशी, ग्रामसभेच्या माणसासमोर जुळवून घ्या.