कॉर्व्हेट १९६७ : रंगाआधी स्टॅम्प पॅड आणि सांगाडा बघा

विक्रीला असलेल्या एका रिस्टोर केलेल्या '६७ कॉर्व्हेट (शेव्हरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार) कन्व्हर्टिबलच्या, ४२७ घनइंच इंजिनवालीच्या, जाहिरातीत 'मॅचिंग नंबर्स' (म्हणजे इंजिन त्याच गाडीचं मूळ) लिहिलंय. फोटोंवर विसंबू नका. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे इंजिनाच्या ब्लॉकवर छोटा सपाट भाग असतो, तो स्टॅम्प पॅड. त्यावरचा क्रमांक ग्लोव्हबॉक्सखालच्या व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) पट्टीशी जुळायला हवा. पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. गुळगुळीत पॅड म्हणजे ब्लॉक घासला गेलाय, आकडे नंतर ठोकलेले असू शकतात. ब्लॉकच्या कास्टिंगची (ओतकामाची) तारीखही गाडी बनण्याआधीची हवी.

बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे लोहचुंबक लावून पुट्टी सापडणार नाही. खरा धोका आतल्या पोलादी सांगाड्याला, ज्याला बर्डकेज म्हणतात. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपतं आणि दाराच्या बिजागरीच्या खांबाचा तळ कुजतो. पायाजवळचं किक पॅनेल काढायला लावा, टॉर्च मारा, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रे सुटले तर किंमत कितीही आकर्षक असो, सोडून द्या. ते काम बॉडी उघडल्याशिवाय नीट होत नाही.

चेसिस मागच्या चाकांच्या जरा पुढे, जिथे वर वळते, तिथेही टोचा. चारही डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (डिस्क दाबून धरणारा भाग) स्टेनलेस स्लीव्ह (आतल्या नळ्या) बसवलेत का, तेही विचारा. मूळ बोअर (पिस्टनची भोकं) गंजून ब्रेक ऑइल गळतं.