ट्राय-अँग जिंटी : एक्स०४ मोटर तापते, इंजिन अडखळतं

रूळकरी
ट्राय-अँग या ब्रिटिश खेळणी ब्रँडचं जुनं मॉडेल रेल्वे इंजिन जिंटी (०-६-० म्हणजे सहा चाकांचं टँक इंजिन, ओओ गेज हे मॉडेलचं माप) चालू करायचं आहे. १२ व्होल्ट डीसी दिले की नुसतं गुरगुरतं, बोटाने ढकललं तर हातभर चालतं आणि थांबतं. मीटरवर ०.७ अँपिअर. पाच मिनिटांत मोटरला हात लावता येत नाही. तेल कुठे आणि किती घालू? डब्ल्यूडी-४० चालेल का?

तेलकुपी
डब्ल्यूडी-४० नको. त्यातला पातळ भाग उडून गेला की मागे चिकट थर उरतो, आणि फवारा कम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) गेलाच म्हणून समजा.

तेलाआधी दोष कुठे आहे ते शोधा. मोटर धरणारा स्क्रू काढून मोटर चासीवरून (चाकं धरणाऱ्या सांगाड्यावरून) उचला आणि चासी काचेवर ढकलून पाहा. चाकं जड फिरली तर ॲक्सलवर जुनं वंगण वाळून मेणासारखं झालंय. पेट्रोल-थिनर न वापरता ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या. चाकं सहज फिरली तर दोष मोटरमध्ये.

मोटरचे दोन्ही ब्रश (कम्युटेटरला टेकून करंट देणारे कार्बनचे तुकडे) एकाच तारेच्या स्प्रिंगने दाबलेले असतात. काढताना स्प्रिंगवर बोट ठेवा, उडाली तर सापडत नाही. तिच्या एकाच पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती कोणत्या बाजूला आहे त्याचा आधी फोटो काढा. एका बाजूचा ब्रश चासीला, म्हणजे एका रुळाला जोडलेला असतो आणि दुसरा वेगळा. नळी फाटली किंवा उलट्या पायावर गेली की सरळ शॉर्ट.

आता कम्युटेटर. तांब्याच्या तीन पट्ट्यांमधल्या खाचांत कार्बनची भुकटी आणि तेल मिळून काळा लगदा बसतो. त्यातून करंट एका पट्टीवरून दुसरीवर गळतो, म्हणून मोटर तापते आणि जोर मात्र नसतो. लाकडी टूथपिक तासून खाचा कोरा, मग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, कापूस पांढरा राहीपर्यंत. पॉलिश पेपर टाळा, स्टीलवूल तर मुळीच नको, त्याचे कण मॅग्नेटला चिकटतात.

तेल शिलाई मशीनचं चालेल, कारण इथे सगळं धातूचं आहे. बाटलीतून थेट घालू नका. सुईचं टोक तेलात बुडवून लटकेल तेवढाच थेंब आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) दोन्ही बेअरिंगना द्या. ॲक्सल चासीतून जातो तिथे एकेक. साइड रॉडच्या (चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या) पिनांना नुसता स्पर्श. वर्मवर (मोटरच्या दांड्यावरच्या आटेदार गिअरवर) तेल नको, दातांत मोहरीएवढं पांढरं ग्रीस. फिरवून झाल्यावर बाहेर आलेलं टिश्यूने टिपा.

धुरांडे
वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर घालतो : हौसेपोटी आर्मेचर बाहेर काढू नका. ते काढायला मॅग्नेट सोडवावा लागतो, आणि हे जुने ॲल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचे) मॅग्नेट लोखंडी पट्टीचा आधार न देता सुटे केले की कमजोर होतात. कमजोर मॅग्नेटची खूण अशी : मोटर मोकळी जोरात फिरते, करंट जास्त खाते, पण डबे जोडले की दमते. मग मॅग्नेट पुन्हा चार्ज करून घ्यायचा, नाहीतर निओडिमियमचा बदली मॅग्नेट बसवायचा.

रेडिओ-टीव्हीतली खरखर थांबवायला बसवलेला कपॅसिटर असेल तर त्याचं एक टोक सोडवून चाचणी घ्या. तो आतून शॉर्ट झाला तर मोटर धडधाकट असूनही हेच होतं.

रूळकरी
लगदा भरपूर निघाला. आता करंट ०.४५, पण सुरू करताना अजूनही कधी कधी एका ठरावीक जागी अडतं. पट्ट्यांमध्ये ओम मोजले तर दोन जोड्यांना सारखे येतात, तिसऱ्या जोडीला जवळपास दुप्पट.

तेलकुपी
म्हणजे तीनपैकी एक कॉइल तुटलीये. तिन्ही त्रिकोणात जोडलेल्या असतात. शाबूत असतील तर तिन्ही जोड्या सारख्या मोजतात. एक तुटली की तिच्या जोडीला उरलेल्या दोघींची बेरीज येते.

भिंगातून कम्युटेटरच्या कडेला पाहा, तार बहुधा सोल्डरपाशीच तुटते. टोक सापडलं तर कानशीने हलकेच इनॅमल खरवडून, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने दोनेक सेकंदांत सोल्डर करा. जास्त वेळ धरलं तर पट्टीखालचं इन्सुलेशन जळतं. तार कॉइलच्या आत तुटली असेल तर आर्मेचर बदलणं बरं, आणि तेव्हा मॅग्नेटला लोखंडी पट्टी लावायला विसरू नका.