मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना समुद्रावरची सुरक्षितता कशी शिकवावी?

यारा_काठी यांचा प्रश्न
नमस्कार. आमच्या मंडळात दरवर्षी नवे विद्यार्थी, तरुण जोडपी आणि काही महिने मुलांकडे राहायला आलेले आईवडील यांची भर पडते, आणि उन्हाळा लागला की यांतले बहुतेकजण फिलिप आयलंड किंवा ग्रेट ओशन रोड गाठतात. जानेवारी 2024 मध्ये फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्ह्ज किनाऱ्यावर, जिथे जीवरक्षकांची गस्त नसते, भारतीय वंशाच्या चौघांचा बुडून मृत्यू झाला. तेव्हा पुष्कळ चर्चा झाली आणि ती लवकरच विरली. यंदा नोव्हेंबरात सभागृहात तासाभराचे व्याख्यान ठेवावे असा प्रस्ताव आहे. परंतु भाषण ऐकून, जेवून घरी जाणाऱ्या माणसाच्या वागण्यात त्याने फरक पडेल असे मला वाटत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लाल_पिवळा यांचे उत्तर
मी एका सर्फ लाइफसेव्हिंग क्लबमध्ये, म्हणजे किनाऱ्यावर जीवरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेत, स्वयंसेवक आहे. व्याख्यान अवश्य ठेवा, पण ते किनाऱ्यावर ठेवा. वाळूच्या उंचवट्यावर उभे करून लोकांना दहा मिनिटे नुसते पाणी बघायला सांगा. लाटा फुटतात तिथे पांढरा फेस दिसतो, आणि दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे पाणी गडद व शांत दिसते. बऱ्याचदा तोच रिप करंट असतो, म्हणजे किनाऱ्यावर चढलेले पाणी तिथूनच परत समुद्रात खेचले जात असते. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते आणि मुलाचा हात धरून आई तिथेच उतरते.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. जीव जातो तो त्याच्याशी झुंजून दमल्यामुळे. म्हणून उताणे तरंगायचे, हात वर करून मदत मागायची, आणि अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, फेसाच्या दिशेने पोहायचे. हे तोंडी सांगून भागत नाही. गस्तीची हद्द दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, कमरेएवढ्या पाण्यात, जीवरक्षकांच्या नजरेखाली प्रत्येकाकडून ते करवून घ्यावे. समुद्राची स्थिती बदलली की झेंडेही हलवले जातात, हेही दाखवावे.

मालवणी_सिडनीत यांचे उत्तर
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात माझी एक भर: "पोहता येते का?" असे विचारू नका. विहिरीत किंवा तलावात शिकलेला माणूस "येते" असेच म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. पण विहिरीला ना लाट असते, ना ओढ. कोकणातल्या आम्हा लोकांना भरती-ओहोटी ठाऊक असते, तरी इथला अनोळखी किनारा पाहताक्षणी कळतो असे नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्याकडे एक बुडू लागला की वाचवायला घरचे दोघे-तिघे उडी घेतात आणि सगळेच जातात. त्यामुळे आधी 000 या इथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून पोलिसांची मदत मागणे आणि पाण्यात तरंगणारे काहीही, अगदी एस्कीचे (थंड पेये ठेवायच्या पेटीचे) झाकणसुद्धा, फेकणे याचा सराव आजी-आजोबांनाही द्यावा. साडी किंवा सलवार भिजली की किती जड होते, हेही त्यांना आधीच सांगावे.

सिडनीत 2005 च्या क्रोनुला दंगलीनंतर मुस्लिम तरुण-तरुणींना जीवरक्षणाचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम झाला होता. आपल्यातलाच कोणी जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या गणवेशात उभा राहिला तर लोक त्याला निःसंकोच प्रश्न विचारतात. मंडळातल्या दोन-तीन तरुणांना क्लबमध्ये पाठवणे हा मला सर्वांत टिकाऊ उपाय वाटतो.

नवविद्यार्थी यांचे उत्तर
विद्यार्थी मंडळाच्या कार्यक्रमाला फारसे येत नाहीत. चार मित्र गाडी भाड्याने घेतात, सूर्यास्ताला पोहोचतात, आणि तोवर गस्त संपून झेंडे उतरलेले असतात. त्यांच्यापर्यंत व्हॉट्सॲप गटातूनच पोहोचता येईल. निघण्यापूर्वी बीचसेफ या किनाऱ्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर कोणत्या किनाऱ्यावर किती वाजेपर्यंत गस्त आहे ते पाहावे, एवढा एकच संदेश दर शुक्रवारी मराठीत पाठवावा.

यारा_काठी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सभागृहाचे आरक्षण रद्द करून बसची चौकशी करते, आणि गस्त सुरू होण्याआधीच जवळच्या क्लबला पत्र लिहिते. शुक्रवारचा संदेश लिहायला नवविद्यार्थी तयार असतील तर त्यांनी मला कळवावे.